साथीची रंगीत तालीम

डिसेंबर 2015 ते मे 2016 या काळात न्यूयॉर्क शहरातल्या 49 रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत काही वेगळेच रुग्ण येऊन गेले. कुणाला ताप आणि पुरळ, कुणाला ताप आणि खोकला. टेबलावर कुणी विचारलंच, तर ते सांगत की नुकतेच परदेशातून आलोय. कुणी विचारलं नाही, तर निमूट बाकावर जाऊन बसत. त्यांच्यातलं कुणीही आजारी नव्हतं. शहराच्या आरोग्य खात्याने पढवून पाठवलेली ती माणसं होती. कुणी गोवराचं सोंग घेतलेलं, कुणी मर्स या श्वसनविकाराचं. रुग्णालयातल्या एखाद-दुसऱ्या वरिष्ठाला याची कल्पना असे. कामावरच्या सिस्टरला, डॉक्टरला, वॉर्डबॉयला नसे.

अशा 95 भेटींचा हिशेब 2017 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या साप्ताहिकात छापून आला. 78 टक्के वेळा या सोंगाड्या रुग्णाला मास्क देऊन वेगळ्या खोलीत हलवलं गेलं होतं. मास्क हातात पडायला साधारण दीड मिनिट लागलं, वेगळी खोली मिळायला साडेआठ मिनिटं. कर्मचाऱ्यांनी हात मात्र 36 टक्के वेळाच स्वच्छ केले. सगळ्यांत बोलका आकडा पुढचा होता. ‘अलीकडे कुठे प्रवास केला होता का?’ हे जिथे विचारलं गेलं, तिथे 88 टक्के रुग्णांना मास्क आणि वेगळी खोली मिळाली. जिथे विचारलं गेलं नाही, तिथे फक्त 21 टक्क्यांना. महागडी यंत्रं, प्रयोगशाळा, लशी हे सगळं नंतरचं. दारातच विचारायच्या एका प्रश्नावर पुढचं सारं अवलंबून होतं, आणि तो प्रश्न विचारायची सवय आहे की नाही, हे कोणत्याही लेखी परीक्षेत कळलं नसतं.

वैद्यकाला तालीम नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सरावावरच एक स्वतंत्र अध्याय आहे. शास्त्र पाठ आहे पण हात बसलेला नाही, असा शिष्य प्रत्यक्ष कामाला चालणार नाही, ही तिथली भूमिका. म्हणून कापायला शिकायचं ते कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांच्यावर. फोडायला पाण्याने किंवा चिखलाने भरलेली कातडी पिशवी. शिरेला छिद्र पाडायला मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. टाके घालायला कापड आणि मऊ कातडं. पट्ट्या बांधायला माणसाच्या आकाराचा पुतळा.

अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये हेच काम मादाम द्यु कुद्रे या सुईणीने केलं. कापड, कातडं आणि भुसा-कापूस भरून तिने बाळंतिणीच्या कमरेखालच्या भागाचा आणि बाळाचा नमुना बनवला. 1759 मध्ये पंधराव्या लुईने तिला राज्यभर फिरून शिकवायची परवानगी दिली आणि पुढची पंचवीसेक वर्षं ती गावोगाव जाऊन हजारो सुइणींना त्या नमुन्यावर अडलेली बाळंतपणं सोडवायला शिकवत राहिली. त्यांतला एक नमुना रूआँच्या संग्रहालयात आजही आहे. 1960 मध्ये नॉर्वेतल्या ऑस्मुन लेअर्डाल या खेळणी बनवणाऱ्या कारखानदाराने तोंडाने श्वास द्यायच्या सरावासाठी बाहुली काढली. प्रथमोपचाराच्या वर्गात छातीवर दाब देऊन बघितलेल्या अनेकांनी नाव माहीत नसतानाही तिला हाताळलेलं असतं. 1967 मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘सिम वन’ हा संगणकावर चालणारा पुतळा तयार झाला. त्याची छाती वरखाली होई, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या होत, दिलेल्या औषधाला तो प्रतिसाद देई. ऐंशीच्या दशकात स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा या भूलतज्ज्ञाने वैमानिकांच्या प्रशिक्षणाची पद्धत ऑपरेशन थिएटरमध्ये आणली आणि एकट्या डॉक्टरच्या जागी अख्ख्या चमूची तालीम सुरू झाली.

भोपळ्यापासून सिम वनपर्यंतच्या या सगळ्या सरावात एक गोष्ट समान होती. जीव धोक्यात असे तो रुग्णाचा. शिकणारा चुकला तर रुग्ण दगावणार, शिकणारा सुखरूप घरी जाणार. साथीच्या रोगात हे गणित पालटतं. चुकणाऱ्याचा स्वतःचा जीव जातो, शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा जातो, त्याच्या घरी वाट बघणाऱ्यांचाही जाऊ शकतो. शिवाय चूक अनेकदा हातात नसतेच. ती दाराच्या दिशेत, लिफ्टच्या वाटेत, कचऱ्याच्या डब्याच्या जागेत असते.

हे समजायला रुग्णालयांना फार किंमत मोजावी लागली. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा रोग कसा पसरतो हेच नीट ठाऊक नव्हतं. तालीम कशाची घेणार? पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुल्यांना संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

शंभर वर्षांनंतर जंतू माहीत होते, हातमोजे होते, मास्क होते. तरी 2001 च्या सुरुवातीला सिलीगुडीत 66 जण अज्ञात तापाने आजारी पडले, 45 दगावले आणि त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांना लागण झाली ती रुग्णालयात. कुणी तिथे काम करत होतं, कुणी भेटायला गेलं होतं. तो निपाह विषाणू होता, हे जाहीर व्हायला 2006 उजाडलं. जानेवारी 2011 मध्ये अहमदाबादजवळ क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा भारतातला पहिला उद्रेक पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने निश्चित केला. दगावलेल्यांत पहिली रुग्ण होती, तिच्यावर उपचार करणारा डॉक्टर होता आणि शुश्रूषा करणारी परिचारिकाही.

2003 च्या सार्स या श्वसनविकाराच्या साथीने हाच धडा श्रीमंत शहरांना दिला. जगभरात 8,096 जणांना लागण झाली, 774 दगावले. लागण झालेल्यांत 1,706 जण, म्हणजे दर पाचांत एक, आरोग्य कर्मचारी होते. टोरांटोत 7 मार्चला आलेला एक रुग्ण जागा नाही म्हणून रात्रभर कॅज्युअल्टीतच, इतर रुग्णांच्या शेजारी पडून राहिला. तिथून सुरू झालेल्या साखळीत त्या शहराने 44 माणसं गमावली. न्यायमूर्ती आर्ची कॅम्बेल यांच्या आयोगाने नंतर जो अहवाल दिला, त्यात एक मुद्दा पुन्हा पुन्हा येतो. पूर्ण शास्त्रीय पुरावा हाती येईपर्यंत कर्मचाऱ्यांचं संरक्षण थांबवून ठेवता येत नाही.

सिंगापूरने हे मनावर घेतलं. सार्समध्ये तिथे 238 रुग्ण सापडले होते आणि 33 दगावले होते. 2006 मध्ये ‘स्पॅरोहॉक’ नावाने देशभरातली रुग्णालयं आणि दवाखाने यांची बर्ड फ्लूची सरावमोहीम झाली. एन-95 मास्क तोंडावर नीट बसतो की नाही, याची प्रत्येक कर्मचाऱ्याची तपासणी नेमाची झाली. ती तपासणी साधी असते. मास्क लावलेल्या माणसाच्या डोक्यावर टोप चढवायचा, आत गोड किंवा कडू द्रवाचा फवारा मारायचा आणि मान हलवायला, बोलायला सांगायचं. जिभेला चव कळली की समजायचं, कुठेतरी फट आहे. दाढी राखलेल्यांची पंचाईत इथेच उघडी पडते.

अमेरिकेत सार्सच्या आधीच, 2002 मध्ये, अटलांटाच्या एमरी विद्यापीठाच्या रुग्णालयात घातक संसर्गाच्या रुग्णांसाठी एक छोटा कक्ष तयार झाला होता. 2005 मध्ये तसाच, पण मोठा, दहा खाटांचा कक्ष नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात उघडला. डॉ. फिलिप स्मिथ यांनी त्यासाठी धडपड केली होती. ओमाहा हे अमेरिकेच्या मध्यावरचं, मक्याच्या शेतांतलं गाव. तिथे आफ्रिकेतला विषाणू कशाला येईल, असं कुणालाही वाटावं. आणि झालंही तसंच. वर्षामागून वर्षं गेली तरी घातक विषाणूचा रुग्ण काही तिथे आला नाही.

चमू मात्र दर काही महिन्यांनी जमत राहिला. सगळे आपापलं रोजचं काम सांभाळून स्वखुशीने आलेले. अंगावर पोशाख चढवायचा, खोट्या रुग्णाला बंदिस्त स्ट्रेचरवरून आत आणायचं, नमुने घ्यायचे, कचरा ऑटोक्लेव्हमधून काढायचा, पोशाख उतरवायचा, मग बसून काय चुकलं ते बोलायचं. रुग्ण नसलेल्या कक्षावर खर्च कशाला, हा प्रश्न अशा जागेच्या पाचवीला पुजलेला. 5 सप्टेंबर 2014 रोजी लायबेरियात इबोला झालेल्या एका अमेरिकी डॉक्टरला घेऊन विमान ओमाहात उतरलं तेव्हा नऊ वर्षांच्या तालमीनंतर पहिल्यांदा पडदा उघडला. तो डॉक्टर बरा होऊन घरी गेला. त्या वर्षात तिथे इबोलाचे तीन रुग्ण आले, एक दगावला, आणि कर्मचाऱ्यांपैकी कुणालाही लागण झाली नाही.

त्याच सप्टेंबरच्या अखेरीस टेक्सासमधल्या डॅलस शहरात काय झालं, ते यापुढे ठेवून पाहण्यासारखं आहे. 25 सप्टेंबरच्या रात्री तापाने फणफणलेला एक माणूस तिथल्या एका मोठ्या, सुसज्ज रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आला. तो आफ्रिकेतून आलाय, ही माहिती नोंदलीही गेली. पण ती ज्याच्यापर्यंत पोचायची त्याच्या लेखी तिचं काही झालं नाही आणि रुग्णाला घरी पाठवलं गेलं. तीन दिवसांनी तो ॲम्ब्युलन्समधून परत आला. 30 सप्टेंबरला इबोलाचं निदान पक्कं झालं, 8 ऑक्टोबरला तो गेला. त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाली. सुदैवाने दोघीही वाचल्या.

20 ऑक्टोबरला सीडीसीने आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली. नव्या तत्त्वांचा भर तीन गोष्टींवर होता. रुग्णाजवळ जाण्यापूर्वी कसून आणि वारंवार सराव, अंगाचा एक तसूही उघडा न ठेवणारा पोशाख, आणि तो चढवताना-उतरवताना शेजारी उभा राहून एकेक पायरी मोठ्याने वाचणारा प्रशिक्षित निरीक्षक. पहिली आणि तिसरी गोष्ट औषधांच्या दुकानात मिळत नाही.

अशा सरावाची जुनी शाळा होती ब्रुसेल्समध्ये. ‘मेद्सँ साँ फ्रोंतिएर’ ही डॉक्टरांची संघटना आपल्या स्वयंसेवकांना पश्चिम आफ्रिकेत पाठवण्याआधी तिथल्या नकली इबोला केंद्रात उभं करी. सीडीसीने तोच अभ्यासक्रम घेऊन ऑक्टोबर 2014 मध्ये अलाबामा राज्यातल्या ॲनिस्टन इथे, पूर्वी लष्कराच्या ताब्यात असलेल्या जागेत, तीन दिवसांचा वर्ग सुरू केला. ब्रिटिश लष्कराने सिएरा लिओनला निघालेल्या आपल्या वैद्यकीय तुकड्यांसाठी यॉर्कजवळ असंच नकली केंद्र उभारलं. प्लास्टिकच्या कुंपणांनी आखलेले रस्ते, एकाच दिशेने चालायचा नियम, खाटांवर पुतळे नाहीतर रुग्णाची भूमिका करणारे सैनिक.

खुद्द पश्चिम आफ्रिकेत या तालमींना एक नवीन माणूस मिळाला. इबोलातून वाचलेल्या स्त्री-पुरुषांना बोलावून त्यांना सरावात रुग्णाची भूमिका दिली गेली. त्यांना संवाद शिकवावे लागले नाहीत. तहानेने व्याकूळ झालेल्या माणसाला पाण्याचा पेला कितीसा जड लागतो, पांढऱ्या पोशाखाआडून फक्त डोळे दिसणाऱ्या माणसाची भीती कशी वाटते, हे त्यांना ठाऊक होतं. शिकणाऱ्याने कुठे घाई केली, कुठे न बोलताच सुई टोचली, हेही तालीम संपल्यावर तेच सांगत. त्या साथीत तीन देशांत मिळून 28,600 च्या वर लोकांना लागण झाली, 11,300 हून अधिक दगावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या अहवालानुसार आरोग्य कर्मचाऱ्याला लागण होण्याची शक्यता सर्वसामान्य प्रौढाच्या तुलनेत 21 ते 32 पट होती. लागण झालेल्या कर्मचाऱ्यांत निम्म्याहून जास्त परिचारिका आणि त्यांच्या मदतनीस होत्या, डॉक्टर बारा टक्क्यांच्या आसपास.

या सगळ्या शाळांमध्ये सर्वाधिक वेळ जाई तो पोशाख उतरवण्यात. चढवणं सोपं असतं, कारण तेव्हा पोशाख स्वच्छ असतो आणि माणूस ताजातवाना. उतरवायची वेळ येते तेव्हा आत घामाच्या धारा लागलेल्या असतात, चष्म्यावर वाफ धरलेली असते, तासभर उभं राहून पाय कापत असतात आणि पोशाखाची बाहेरची बाजू विषाणूंनी माखलेली असते. मग समोरचा सोबती एकेक आज्ञा देतो. क्लोरीनच्या पाण्यात हात. एप्रन सोडा. हात. पुढे वाका, डोळे मिटा, चष्मा मागून पुढे काढा. हात. टोपी. हात. पोशाख आतून बाहेर गुंडाळत खाली सरकवा. हात. नाकाला खाज सुटली तरी हात वर न्यायचा नाही. केसांची बट कपाळावर आली तरी नाही. हे ज्ञान नव्हे, वळण आहे, आणि ते अंगवळणी पडायला एक व्याख्यान पुरत नाही.

ते खरोखर किती कठीण असतं, याचा पुरावा अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या संशोधकांनी 2015 मध्ये मांडला. चार रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांच्या हातमोज्यांना त्यांनी अतिनील दिव्याखाली चमकणारं मलम लावलं आणि नेहमीप्रमाणे मोजे, गाऊन काढायला सांगितलं. 435 प्रयोगांपैकी 46 टक्क्यांत मलम कातडीवर किंवा कपड्यांवर आढळलं. मनगटावर, मानेवर, सदऱ्याच्या बाहीवर चमकणारे डाग पाहून लोक चक्रावले. अधिक विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की ज्यांनी पद्धत अगदी बरोबर पाळली त्यांच्यातही 30 टक्क्यांना डाग लागले होते. म्हणजे दोष निव्वळ माणसाचा नव्हता, मोजे आणि गाऊन यांच्या घडणीचाही होता. त्याच अभ्यासात एका रुग्णालयात चमकत्या डागांसह पुन्हा सराव करून घेतल्यावर प्रमाण 60 टक्क्यांवरून 18.9 वर आलं आणि तीन महिन्यांनीही ते टिकलं.

तालमीतून सुटलेल्या गोष्टीही असतात. एमरीच्या चमूने बारा वर्षं सराव केला होता, 2014 च्या ऑगस्टमध्ये तिथे आलेले पहिले दोन्ही इबोला रुग्ण बरे झाले, एकाही कर्मचाऱ्याला काही झालं नाही. अडचण आली ती भलतीकडेच. जंतुनाशक टाकून निर्धोक केलेलं सांडपाणी गटारात सोडाल तर जोडणीच तोडू, असा इशारा स्थानिक प्रशासनाने दिला. कचरा उचलणाऱ्या कंत्राटदाराने हात वर केले आणि दिवसाला चाळीस-चाळीस पिशव्या साठू लागल्या. हाकेच्या अंतरावर असलेल्या सीडीसीपर्यंत रक्ताचे नमुने न्यायला कुरिअरवाले तयार होईनात. पिझ्झावाल्याने देखील डिलिव्हरी नाकारली. कक्षाचे प्रमुख डॉ. ब्रूस रिबनर यांनी हे सगळं नंतर सहकाऱ्यांच्या परिषदेत मोकळेपणी सांगितलं. बारा वर्षांच्या तालमीत रुग्ण होता, डॉक्टर होता, परिचारिका होती. गटारवाला, कचरावाला आणि कुरिअरवाला नव्हता.

रुग्णालयातल्या तालमीच्या जोडीला दुसरा एक प्रकार वाढत होता. त्यात पोशाख नसे, खाटा नसत. मंत्री, सचिव आणि तज्ज्ञ एका टेबलाभोवती बसत आणि कागदावरची साथ पुढे सरकत जाई. मे 2000 मध्ये अमेरिकेत ‘टॉपऑफ’ नावाच्या सरावात डेन्व्हर शहरावर प्लेगचा काल्पनिक हल्ला झाला. चार दिवसांत कागदावरची रुग्णालयं तुडुंब भरली आणि निर्णय कोण घेणार यावरच बैठकांचा वेळ गेला. ब्रिटनने ऑक्टोबर 2016 मध्ये ‘सिग्नस’ हा तीन दिवसांचा फ्लूच्या महासाथीचा सराव केला, त्यात साडेनऊशेहून अधिक लोक होते. निष्कर्ष स्वच्छ होता. तीव्र महासाथ आली तर देशाची तयारी पुरेशी नाही, आणि वृद्धाश्रम-शुश्रूषागृहांवर येणारा ताण हे त्यातलं एक दुखणं. अहवाल जनतेपुढे आला ऑक्टोबर 2020 मध्ये, कोविड येऊन धडकल्यावर. त्यातल्या 22 शिफारशींपैकी बहुतेकांची पूर्तता तोवर झालीच नव्हती, हे पुढे ब्रिटनच्या कोविड चौकशीत निघालं.

दक्षिण कोरियाची गोष्ट उलटी. 2015 मध्ये आखाती देशातून परतलेल्या एका प्रवाशामुळे तिथे मर्स शिरला आणि गर्दीच्या कॅज्युअल्टींमधून पसरला. 186 रुग्ण, 38 मृत्यू. देशाने ती नामुष्की विसरू दिली नाही. 17 डिसेंबर 2019 रोजी तिथल्या रोगनियंत्रण केंद्रातले तज्ज्ञ एका सरावासाठी जमले. सरावाचं कथानक असं, की चीनला जाऊन आलेल्या एका कोरियन कुटुंबाला अज्ञात न्यूमोनिया झाला आहे, आणि तो पुढे सहकाऱ्यांत, आरोग्य कर्मचाऱ्यांत पसरतो आहे. जंतू ठाऊक नसताना चाचणी कशी उभारायची, संपर्कातली माणसं कशी शोधायची, यावर त्यांनी पद्धत आखली. जगाला वुहानचं नाव अजून कळायचं होतं. 20 जानेवारीला देशात पहिला कोविड रुग्ण सापडला तेव्हा ती पद्धत टेबलावर तयार होती. हा योगायोगच, पण अशी बैठक आपल्या रिवाजाचा भाग आहे, हे ठरवणं योगायोग नव्हता.

कोविडच्या पहिल्या महिन्यांत तालमीने आणखी एक काम केलं, ज्याची फारशी चर्चा झाली नाही. श्वासनलिकेत नळी घालताना डॉक्टरच्या तोंडावर उडणारे थेंब अडवावेत म्हणून तैवानच्या एका भूलतज्ज्ञाने पारदर्शक पेटी सुचवली. रुग्णाच्या डोक्यावर पेटी ठेवायची, दोन भोकांतून हात आत घालायचे. कल्पना स्वस्त आणि सहज करण्याजोगी होती. बघता बघता पेट्या जगभर पसरल्या, भारतातही अनेक रुग्णालयांत आल्या. दिसायला सुरक्षित वाटणाऱ्या या वस्तूची परीक्षा ऑस्ट्रेलियातल्या भूलतज्ज्ञांनी पुतळ्यावर घेतली. बारा अनुभवी डॉक्टरांनी पेटीशिवाय नळी घातली तेव्हा साधारण 43 सेकंद लागले. सुरुवातीच्या पेटीसह 82. पेटीच्या कडा लागून काही वेळा पीपीईच फाटलं. ऑगस्ट 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पेट्यांना दिलेली तातडीची परवानगी मागे घेतली. खऱ्या रुग्णांवर हे ध्यानात यायला किती श्वास कोंडले असते, याचा हिशेब कुणी मांडू शकत नाही.

भारतात ‘मॉक ड्रिल’ हा शब्द घरोघरी पोचला तो 27 डिसेंबर 2022 रोजी. चीनमध्ये रुग्ण वाढल्याच्या बातम्या आल्या आणि केंद्र सरकारने देशभरच्या रुग्णालयांना एकाच दिवशी सराव करायला सांगितलं. 10 आणि 11 एप्रिल 2023 रोजी तो पुन्हा झाला. खाटा किती, व्हेंटिलेटर चालू आहेत का, ऑक्सिजनचा प्लांट हव्या त्या दाबाने वायू देतो का, औषधं, चाचण्या, मनुष्यबळ यांची यादी तपासली गेली. 2021 च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी धावाधाव पाहिलेल्या देशात ही तपासणी अनाठायी नव्हती. पण तारीख आधीच जाहीर असलेल्या आणि पाहुणे मंत्री-अधिकारी असलेल्या दिवशी यंत्रांची परीक्षा होते. रात्री दोन वाजता, अर्ध्या कर्मचाऱ्यांनिशी चालणाऱ्या कॅज्युअल्टीत खोकत आलेल्या माणसाला प्रवासाबद्दल विचारलं जातं की नाही, ही परीक्षा वेगळी.

तशा परीक्षेच्या जवळ जाणारा प्रयत्न केरळमध्ये खऱ्या साथीने घडवला. मे 2018 मध्ये कोळिकोड परिसरात निपाह पसरला तो मुख्यतः रुग्णालयांतून. पेरांब्रा इथल्या तालुका रुग्णालयातली एक तरुण परिचारिका त्यात गेली. त्यानंतर ताप आणि मेंदूज्वराच्या रुग्णाकडे संशयाने बघायची सवय तिथल्या यंत्रणेला लागली. जून 2019 मध्ये एर्नाकुलमला निपाहचा एकच रुग्ण निघाला, तो बराही झाला आणि पुढे साखळी लागली नाही. ऑगस्ट 2024 मध्ये राजस्थानातल्या अजमेर जिल्ह्यात ‘विषाणू युद्ध अभ्यास’ नावाने पाच दिवसांचा राष्ट्रीय सराव झाला. त्यात प्राण्यांकडून माणसांत येणाऱ्या विषाणूचं कथानक होतं आणि माणसांच्या डॉक्टरांबरोबर पशुवैद्यक आणि वन्यजीव विभागही एका मैदानात उतरले होते.

तरी एक माणूस अजूनही बहुतेक तालमींच्या बाहेर राहतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात त्याला मामा म्हणतात, तिला मावशी. उलटी पुसणं, चादर गोळा करणं, बेडपॅन नेणं, पिवळ्या पिशवीचं तोंड बांधणं ही कामं त्यांची. पुष्कळदा ते कंत्राटी असतात, त्यामुळे आज शिकवलेली मावशी सहा महिन्यांनी दुसऱ्याच रुग्णालयात दिसू शकते. विषाणूशी तिचा संबंध डॉक्टरपेक्षा कमी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या इबोलाच्या यादीत सफाई, देखभाल अशा कामांतली माणसं लागण झालेल्या कर्मचाऱ्यांच्या सात टक्के भरली होती, प्रयोगशाळेतल्या लोकांइतकीच.

कागदावर तिची सोय आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 प्रमाणे कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला कामावर रुजू होताना आणि त्यानंतर दरवर्षी किमान एकदा प्रशिक्षण द्यावं लागतं. रुग्णालयाने 30 जूनपर्यंत पाठवायच्या वार्षिक अहवालात वर्ग किती झाले, प्रशिक्षण किती जणांना मिळालं, याचे रकाने आहेत. अद्याप कसलंही प्रशिक्षण न मिळालेल्या कर्मचाऱ्यांची संख्या विचारणाराही एक रकाना त्यात आहे. मॉक ड्रिलच्या दिवशी ऑक्सिजनचा दाब मोजणाऱ्या पथकाने तो रकाना उघडून त्यातल्या एखाद्या मावशीला बोलावलं, तिच्या मोज्यांना चमकणारं मलम लावलं आणि ते उतरवायला सांगितलं, तर त्यासाठी लागणारा खर्च एका मलमाच्या ट्यूबचा आणि एका अतिनील दिव्याचा आहे.